दोन रकान्यांत न मावणारी हरितक्रांती

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०१४ च्या मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययनाच्या पहिल्या पेपरात एक प्रश्न होता. जमीन सुपीक आणि पाणी मुबलक असूनही हरितक्रांती पूर्व भारताला जवळजवळ वगळून का गेली, असा त्याचा आशय. तीन वर्षांनी तिसऱ्या पेपरात स्वातंत्र्यानंतर शेतीत झालेल्या निरनिराळ्या क्रांत्या समजावून सांगा आणि त्यांनी दारिद्र्य निर्मूलनाला व अन्नसुरक्षेला कसा हातभार लावला ते लिहा, असे विचारले गेले. हे दोन प्रश्न एकाच धड्यावरचे वाटतात आणि बहुतेक उमेदवार दोन्हींना एकच उत्तर लिहितात. आता हा विषय महाराष्ट्राच्या अधिक जवळ आला आहे. राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. लेखी परीक्षेचे १७५० गुण आता पर्यायासमोरचे वर्तुळ रंगवून मिळणार नाहीत, ते स्वतःच्या वाक्यांनी मिळवावे लागतील. पुण्याच्या पेठांतल्या, लातूर-नांदेडच्या आणि अमरावतीच्या अभ्यासिकांत आज जे तरुण ‘उच्च उत्पादनक्षम वाण आणि कृषी धोरण’ या घटकाच्या नोट्स काढत आहेत, त्यांच्यातलेच काही जण उद्या तहसीलदार, गटविकास अधिकारी, उपजिल्हाधिकारी होतील. शेतीचा प्रश्न मांडण्याची जी सवय त्यांना आज लागेल, तीच पुढे फायलीवरच्या टिप्पणीत उतरेल. म्हणून या उत्तराकडे केवळ गुणांपुरते पाहून चालणार नाही.

बाजारात मिळणाऱ्या नोट्समध्ये हे उत्तर ठरलेल्या साच्यात असते. पानावर उभी रेघ, डावीकडे फायदे, उजवीकडे तोटे. डावीकडे धान्याचे उत्पादन वाढले, आयात थांबली, शेतकऱ्याचे उत्पन्न वाढले. उजवीकडे भूजल घटले, खतांचा अतिवापर झाला, प्रादेशिक विषमता वाढली, डाळी मागे पडल्या. शेवटी ‘सदाहरित क्रांती’ची गरज सांगणारे वाक्य. यातले एकही विधान खोटे नाही, आणि तरीही हे विश्लेषण नाही. तपासायचे असेल तर वाक्यांचा क्रम बदलून पाहावा. क्रम बदलून उत्तराचे काहीच बिघडत नसेल, तर ती यादी आहे. एका वाक्यातून दुसरे निघत नाही, कारण आणि परिणाम यांची गाठ कुठेच पडलेली नाही. माझे म्हणणे असे की हरितक्रांतीचे फायदे आणि तोटे वेगळ्या रकान्यांत टाकताच येत नाहीत. ज्या निर्णयांनी फायदा करून दिला, त्याच निर्णयांनी पुढे तोटा घडवला. चांगल्या उत्तराने हे निर्णय शोधायचे असतात. ते शोधायचे तर बियाण्यापासून सुरुवात करून धोरणापर्यंत यावे लागते.

बियाण्याने नेमके काय केले, हे आधी स्पष्ट हवे. उंच देशी गव्हाला नत्र जास्त दिले की ताट वाढते, ओंबी जड होते आणि पीक लोळते. म्हणजे खत घालूनही उतारा हाती लागत नाही. जपानमधल्या ‘नोरिन १०’ या बुटक्या गव्हाचे गुण मेक्सिकोत नॉर्मन बोरलॉग यांनी नव्या वाणांत आणले. ‘लर्मा रोहो’ आणि ‘सोनोरा ६४’ या वाणांचे ताट आखूड होते. ते खत पचवत आणि उभे राहत. भारताने १९६६ मध्ये असे १८,००० टन बियाणे मेक्सिकोतून आणले आणि एम. एस. स्वामीनाथन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते इथल्या मातीला आणि चवीला जुळवून घेतले. पण या वाणाची ताकद खत आणि पाण्यावर अवलंबून होती. वेळेवर पाणी आणि भरपूर नत्र मिळाले तरच ते देशी वाणाच्या फार पुढे जाई. खत घ्यायला पैसा हवा, पैशाला कर्ज हवे, कर्ज फेडण्यासाठी माल ठरल्या भावाने विकला जाण्याची खात्री हवी. हे सगळे बियाण्याच्या पिशवीत नव्हते. ते सरकारने उभे केले. १९६३ मध्ये राष्ट्रीय बीज निगम, १९६५ च्या जानेवारीत भारतीय अन्न महामंडळ आणि त्याच महिन्यात कृषी मूल्य आयोग. या आयोगाचे पहिले अध्यक्ष मुंबई विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ एम. एल. दांतवाला होते. १९६९ मध्ये १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. गव्हाचे उत्पादन १९६४-६५ मध्ये सव्वा कोटी टनांच्या आत होते, ते १९७०-७१ मध्ये जवळपास २ कोटी ३८ लाख टनांवर गेले. या वाढीचे श्रेय एकट्या बियाण्याला दिले, की पुढचा सगळा युक्तिवाद वाकडा जातो.

पूर्व भारतावरचा प्रश्न नेमका इथे सुटतो. बियाणे बिहारलाही मिळू शकत होते. पण पंजाबात जमिनीच्या तुकड्यांचे एकत्रीकरण स्वातंत्र्यानंतरच्या दोन दशकांत बरेचसे पुरे झाले होते. त्यामुळे एका शेतकऱ्याने स्वतःच्या सलग रानात विंधनविहीर घेणे परवडत होते. भाक्रा-नांगलचे पाणी होते, खेड्यापर्यंत वीज होती, मंडी होती आणि मंडीत सरकारी खरेदीदार उभा होता. बिहारमध्ये जमीनदारी कायद्याने गेली, तरी तुकडे आणि कुळांची असुरक्षितता राहिली. पाणी मुबलक होते, पण ते पावसाळ्यात पुराच्या रूपाने येई आणि उन्हाळ्यात जमिनीखाली असे. ते वर काढायला वीज नव्हती. बुटके भात गुडघाभर पुरात बुडून जाई. याला उलटा पुरावाही आहे आणि तो उत्तरात आला पाहिजे. पश्चिम बंगालमध्ये १९७८ नंतर ‘ऑपरेशन बर्गा’ने कुळांची नोंद झाली, उथळ विंधनविहिरी वाढल्या, आणि ऐंशीच्या दशकात उन्हाळी ‘बोरो’ भाताने तिथले उत्पादन वेगाने वाढवले. म्हणजे पूर्वेची माती किंवा तिथला शेतकरी हा अडसर नव्हता. पाणी, वीज, जमिनीचा हक्क आणि खरेदी यांपैकी काही हलले, की तेच बियाणे तिथेही चालले. हा एक परिच्छेद लिहिणाऱ्या उमेदवाराला ‘प्रादेशिक विषमता वाढली’ हे वाक्य वेगळे लिहावेच लागत नाही.

आता तोट्यांच्या रकान्यात नेहमी पहिला असणारा मुद्दा घेऊ, पंजाबच्या भूजलाचा. पंजाबात १९६०-६१ मध्ये भाताखाली जेमतेम सव्वादोन लाख हेक्टर होते, आज ते तीस लाखांच्या पुढे आहे. पंजाब हा भात खाणारा प्रदेश नाही, आणि वाळूमिश्रित हलकी जमीन भाताला साजेशीही नाही. तरी भात आला, कारण भाताला हमीभाव होता आणि हमीभावाने खरेदीची खात्री होती. १९९७ पासून शेतीपंपाची वीज मोफत झाली. त्याक्षणी शेतकऱ्याच्या हिशेबातून पाण्याचा खर्च निघून गेला. मग वाण निवडताना पाहायचे काय? एकरी उतारा. ‘पुसा ४४’ हे वाण उतारा भरपूर देते, मात्र शेतात जास्त दिवस उभे राहते आणि तेवढे दिवस पाणी पिते. ते इतके लोकप्रिय झाले यात शेतकऱ्याचा अविचार नव्हता, त्याच्यासमोरच्या किमतींनीच त्याला तसे वागायला लावले. पाणी खोल गेल्यावर २००९ मध्ये राज्याने कायदा करून १० जूनपूर्वी लावणीला बंदी घातली. हेतू अगदी योग्य होता. पण लावणी पुढे गेली तशी कापणीही पुढे गेली. गव्हाची पेरणी मात्र नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात व्हायलाच हवी. मध्ये उरले दोन-तीन आठवडे. कापणी यंत्राने मागे ठेवलेली धसकटे इतक्या कमी दिवसांत काढायची तर काडी लावणे सर्वांत स्वस्त. धसकटे आधीही पेटत होती, पण आता ती ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर या थोड्या दिवसांत दाटली, आणि नेमक्या याच काळात हवा साचून राहते. दिल्लीचा धूर आणि पंजाबचे भूजल हे दोन स्वतंत्र तोटे नाहीत. हमीभाव, मोफत वीज, लांब मुदतीचे वाण आणि पाणी वाचवण्याचा कायदा यांच्या साखळीतल्या त्या दोन कड्या आहेत.

यावर पहिला आक्षेप जागेचा येतो आणि तो खरा आहे. मुख्य परीक्षेत दहा गुणांना १५० शब्द, पंधरा गुणांना २५० शब्द आणि तीन तासांत वीस प्रश्न. एका उत्तराला सरासरी नऊ मिनिटे. इतक्यात साखळी कुठे मांडणार? पण लिहून पाहिले तर साखळी यादीपेक्षा आखूड भरते. ‘भाताला हमीभाव आणि हमखास खरेदी, त्यात १९९७ पासून मोफत वीज. पाण्याला किंमत न उरल्याने पंजाबात लांब मुदतीचे, भरघोस वाण परवडू लागले. भूजल खालावल्यावर २००९ च्या कायद्याने लावणी लांबवली. परिणामी गव्हाआधीचा अवधी घटला आणि धसकटे जाळण्याचे प्रमाण थोड्या दिवसांत एकवटले.’ चाळीसच्या आसपास शब्द झाले. यात हमीभाव आहे, अनुदान आहे, भूजल आहे, प्रदूषण आहे, आणि एकातून दुसरे कसे निघाले तेही आहे. यादीत हेच चार मुद्दे चार उपशीर्षकांखाली चार परिच्छेद खातात. शिवाय साखळी लक्षात राहते. यादीतला सहावा मुद्दा परीक्षेत आठवत नाही, कारण तो पाचव्याला कशानेच बांधलेला नसतो.

दुसरा आक्षेप असा की परीक्षकाला मुद्दे हवे असतात, निबंध नको. उपशीर्षके, अधोरेखन, छोटी आकृती यांना माझा विरोध नाही. शेकडो उत्तरपत्रिका तपासणाऱ्या माणसाला उत्तराचा सांगाडा पटकन दिसला तर ते त्याच्या आणि उमेदवाराच्याही हिताचे आहे. पण प्रश्नाच्या शेवटचे क्रियापद वाचावे. ‘स्पष्ट करा’ म्हटले की यंत्रणा उलगडायची असते, ‘चिकित्सक परीक्षण करा’ म्हटले की एक दावा घेऊन तो कुठे टिकतो आणि कुठे तुटतो हे दाखवायचे असते. दोन्हींना तेच दोन रकाने देणारा उमेदवार प्रश्न वाचतच नाही, पाठांतर ओततो.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. आज पंजाबचे भूजल पाहून १९६६ च्या निर्णयाला दोष देणे म्हणजे पश्चात्बुद्धी नाही का? त्यावेळची परिस्थिती पाहावी. १९६४-६५ मध्ये देशाचे धान्योत्पादन ८ कोटी ९४ लाख टन होते. पुढच्या वर्षी पाऊस हुकला आणि ते ७ कोटी २३ लाख टनांवर आले. १९६६ मध्ये एक कोटी टनांच्या आसपास धान्य बाहेरून आणावे लागले. त्यातले बरेचसे अमेरिकेच्या ‘पीएल ४८०’ कायद्याखालचे होते आणि जहाजे कधी सुटणार हे वॉशिंग्टनमध्ये ठरत होते. अशा वेळी तत्कालीन कृषिमंत्री सी. सुब्रमण्यम यांनी जिथे पाणी आधीच होते त्या जिल्ह्यांवर बियाणे, खत आणि पैसा एकवटला. त्यांच्या सोबतीला कृषी खात्यात अहमदनगरचे अण्णासाहेब शिंदे होते. हा निर्णय त्या वर्षी बरोबर होता, असे उमेदवाराने निःसंकोच लिहावे. चांगले उत्तर निर्णय कोणत्या साली झाला ते पाहून त्याचा न्याय करते. १९६६ ची निवड आणि १९९७ ची मोफत वीज यांना एकाच ओळीत ‘हरितक्रांतीचे दुष्परिणाम’ म्हणणे अन्यायाचे आहे. दुसऱ्या निर्णयाच्या वेळी देशाची कोठारे भरलेली होती आणि धोक्याची जाणीव तर फार आधीपासून होती. स्वामीनाथन यांनी १९६८ च्या जानेवारीतच, वाराणसीच्या विज्ञान काँग्रेसमध्ये, मातीची निगा न राखता केलेली सघन शेती, कीडनाशकांचा बेसुमार वापर आणि भूजलाचा अविचारी उपसा कुठे नेईल हे सांगून ठेवले होते. तंत्रज्ञान आणणाऱ्यानेच ते बोलून दाखवले होते. ऐकले गेले नाही ते धोरणाच्या पातळीवर.

इथे माझ्याच मांडणीला एक मर्यादा घालणे भाग आहे, आणि ती महाराष्ट्रातल्या ज्वारीने घातली आहे. देशातली पहिली संकरित ज्वारी, ‘सीएसएच १’, १९६४ मध्ये आली. वसंतराव नाईक यांच्या सरकारने ती मनापासून उचलून धरली. बियाणे, खत, प्रचार, खरेदी यांत कसूर नव्हती. खरिपात ती मोठ्या क्षेत्रावर पसरली आणि एकरी उतारा वाढलाही. पण देशी खरीप ज्वारीला दिवस लहान झाल्याशिवाय फुलोरा येत नाही, त्यामुळे तिचा दाणा पाऊस सरल्यावर भरतो. संकरित ज्वारी ठरावीक दिवसांत तयार होते, म्हणजे सप्टेंबरच्या पावसात तिचे कणीस पिकते. दाण्यावर बुरशी चढते, दाणा काळा पडतो, आणि भाव पडतो. ताट आखूड असल्याने कडबाही कमी. दुष्काळी वर्षी कडब्याचा पैसा धान्याच्या पैशाला गाठतो, पण उत्पादनाच्या सरकारी आकड्यात कडबा मोजला जात नाही. तिकडे सोलापूर, मंगळवेढा, बार्शी, बीड या रब्बीच्या पट्ट्यात मोहोळच्या संशोधन केंद्रातून निवडलेली ‘मालदांडी’ टिकून राहिली. सप्टेंबर-ऑक्टोबरात भारी काळ्या रानात पेरायची आणि जमिनीतल्या ओलीवर काढायची ही ज्वारी. तिचा मोत्यासारखा टपोरा दाणा आणि गोड कडबा यांना संकरित वाण हरवू शकले नाही. म्हणजे धोरण पूर्ण पाठीशी असूनही बियाणे त्या ऋतूला आणि त्या ताटातल्या भाकरीला जुळले नाही, तर ते चालत नाही. विज्ञानाला स्वतःचे म्हणणे असते. पण याच ज्वारीची पुढची गोष्ट पुन्हा धोरणाकडे नेते. रेशनवर स्वस्त गहू आणि तांदूळ आला, गरिबाच्या घरातली भाकरी कमी झाली. २०२४-२५ साठी केंद्राने संकरित ज्वारीला क्विंटलला ३,३७१ रुपये आणि मालदांडीला ३,४२१ रुपये हमीभाव जाहीर केला. फरक पन्नास रुपयांचा. चांगल्या मालदांडीला बाजारात जो वरचढ भाव मिळतो, त्याच्या तुलनेत हा फरक नगण्य आहे. दर्जाची किंमत सरकारी भावात उमटत नाही, याचे इतके नेमके उदाहरण परीक्षेच्या नोट्समध्ये मला दिसलेले नाही. ते महाराष्ट्राच्या उमेदवाराच्या घराशेजारी पडले आहे.

बीटी कापसाच्या प्रश्नातही हीच शिस्त उपयोगी पडते. २००२ च्या मार्चमध्ये परवानगी मिळाली. २००७-०८ च्या सुमारास रुईचा देशातला सरासरी उतारा हेक्टरी साडेपाचशे किलोच्या आसपास पोचला आणि पुढे साडेचारशेच्या आगेमागे रेंगाळला. एक बाजू पहिला आकडा घेऊन बसते, दुसरी दुसरा. दोन्ही आकडे खरे असण्याचे कारण उत्तरात हवे. भारतात बीटीचे जनुक संकरित वाणांतच आले. म्हणून बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागले, आणि झाडे लांब मुदतीची राहिली. कपाशी जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत रानात उभी राहिली की शेंदरी बोंडअळीला अन्न मिळत राहते. भोवती बिगर बीटी कपाशीच्या ओळी लावण्याचा नियम होता, पण त्या ओळींवर होणारे नुकसान शेतकऱ्याने एकट्याने सोसावे अशी ती रचना होती, म्हणून तो फार कोणी पाळला नाही. २०१७ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात बोंडअळीने जे केले ते या सगळ्याचे फळ. त्यात विदर्भाचा कापूस बहुतांश कोरडवाहू. पाण्याची सोय असलेल्या गुजरातच्या शेतात जे बियाणे फायदा देते, तेच यवतमाळच्या हलक्या रानात कर्जाचा बोजा वाढवते. ‘बीटी चांगले की वाईट’ या प्रश्नाला उत्तर नाही. ‘कोणत्या रानात, कोणत्या पाण्यावर, कोणत्या नियमांखाली’ या प्रश्नाला आहे.

अनुदान आणि हमीभावाच्या प्रश्नांना एवढी जागा लागणार नाही, दोन आकडे हाताशी असले तरी पुरे. शांताकुमार समितीने २०१५ मध्ये दाखवले की हमीभावाने सरकारी यंत्रणेला माल विकणारे शेतकरी सहा टक्क्यांच्या आसपास आहेत. डाळींची दरडोई दैनिक उपलब्धता १९६१ मध्ये ६९ ग्रॅम होती, ती २००१ मध्ये ३० ग्रॅमवर आली होती. भाव बहुतेक पिकांना जाहीर होतो, खरेदी मात्र गहू-भाताची होते, आणि शेतकरी खरेदी पाहून पेरतो. याच्या जोडीला शेतकरी नेते शरद जोशींचा युक्तिवाद लिहिणारा मराठी उमेदवार वेगळा उठून दिसेल. खत-विजेवर सरकार जे देते, त्याहून जास्त ते निर्यातबंदी आणि पाडलेल्या भावांतून काढून घेते, हे त्यांनी १९८० च्या आगेमागे चाकणच्या कांदा आंदोलनापासून सातत्याने मांडले. ते पटो न पटो, ‘अनुदानांचा बोजा’ हे शब्द वापरण्याआधी त्याला उत्तर द्यावे लागते.

सरावासाठी सोयाबीन घ्यावे. जबलपूरचे ‘जेएस ३३५’ हे वाण १९९४ मध्ये आले आणि मराठवाडा-विदर्भातली खरीप ज्वारीची राने त्याने व्यापली. तरीही देशातला सरासरी उतारा हेक्टरी एक टनाच्या आसपासच अडकून आहे. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये होता, बाजार त्याच्या खाली होता, आणि खरेदी केंद्रावर ओलाव्याची अट बारा टक्क्यांची होती. ती पंधरा टक्क्यांवर आणली गेली तोवर नोव्हेंबर उजाडला होता. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचे आयात शुल्क वाढवले आणि २०२५ च्या मे महिन्यात ते पुन्हा खाली आणले. वाण, उतारा, भाव, ओलावा, आयात शुल्क. हे पाच दाणे एका दोऱ्यात ओवून १५० शब्दांत लिहावे, आणि वाक्यांचा क्रम बदलून पाहावा.